शेवंती आडवी झाली

दिवाळी सरून पंधरा-वीस दिवस झाले, की एका सकाळी माझी स्कूटर लवकर चालू होत नाही. तीन-चार किका माराव्या लागतात. तेव्हा मला कळतं, सोलापुरात हिवाळा आला. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत माणसं कानाला मफलर गुंडाळून दुधाच्या पिशव्या आणायला निघतात, गच्च्यांवर चादरी उन्हाला पडतात आणि मोठ्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. त्यांच्यामागं रस्त्यावर वाढं सांडत जातं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. चाकाखाली तो चिरडला की एक कच्चा, गोडसर वास सुटतो. तो नाकात गेला की मी गाडी कडेला घेते. सोबत कुणी असलं तर सांगते, चष्मा पुसायचाय.

खरं म्हणजे मला एक हिवाळा आठवत असतो. चार वर्षांपूर्वीचा. त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी एका हत्तिणीचे पाय धूत होते.

मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची पहिली पंधरा वर्षं अकलूजकडच्या गोठ्यांमध्ये गेली. गाय अडली, म्हैस पान्हा चोरायला लागली, वासराला हगवण लागली, की मला बोलावणं यायचं. खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू सरळ करणारी बाई म्हणून त्या भागात माझं जरा नाव होतं, आणि मला ते आवडायचंही. सोलापुरात बदली झाली तेव्हा शहराच्या कडेची, एका न्यासानं चालवलेली प्राण्यांची छोटी बाग माझ्याकडे आली. काळवीटं, मोर, दोन कोल्हे, एक म्हातारी सुसर, आणि शेवंती हत्तीण. महिन्यातून एकदा जायचं, सगळ्यांना बघायचं, वहीत सही करायची. शेवंतीच्या पानावर मी सहा वर्षं एकच वाक्य लिहीत आले होते: प्रकृती समाधानकारक.

आज ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात. पण ते मी खोटं लिहीत नव्हते. मला तेवढंच दिसत होतं.

त्या हिवाळ्यात शेवंतीला बागेत येऊन बावीस वर्षं झाली होती. गावोगाव फिरणारी एक सर्कस सोलापुरातच बंद पडली, तेव्हा तिची ही एक हत्तीण न्यासाच्या अध्यक्षांनी बागेत आणून ठेवली. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पांढरा सदरा, हातात काठी, आणि रोज संध्याकाळी खिशात गुळाचा खडा. शहराची एक अख्खी पिढी शेवंतीला केळी चारत मोठी झाली. संकष्टीला तर देवळातून निघालेली माणसं थेट बागेत यायची, तिच्यासमोर हात जोडायची, मग घरी जाऊन उपास सोडायची. ती उभ्या उभ्या डुलायची. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, तासन्‌तास. मुलं टाळ्या वाजवायची, "हत्ती नाचतोय, हत्ती नाचतोय!" तो नाच नव्हता. बांधलेल्या, एकट्या पडलेल्या जनावराला ती सवय लागते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही टाळ्या वाजवणाऱ्या मुलांकडं बघून मी हसायचे.

तिची काळजी घ्यायचा तो सिद्राम. अक्कलकोटच्या पलीकडं त्याचं गाव, घरात कानडी, बाहेर मराठी. बागेत तो माळी म्हणून लागला होता. पण नव्यानं आलेल्या शेवंतीनं दुसऱ्या कुणाच्याच हातचं खाल्लं नाही, म्हणून झारी ठेवून त्यानं अंकुश घेतला. तो अंकुशही पुढं कुठंतरी पडून गंजला. त्याला त्याची गरज पडली नाही. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी सासरी गेली. त्याचं घर बागेच्या आवारातच, शेवंतीच्या कोठीला लागून. मी सहा वर्षांत त्याच्याशी औषधापलीकडं बोलले असेन असं वाटत नाही.

कार्तिक सरता सरता सिद्रामचा फोन आला. "मॅडम, पुढचा डावा पाय टेकवंना झालीया. तुमी या की लगोलग."

गेले. नखाच्या कडेला भेग पडून आत पू झाला होता. गाईच्या खुराचं मला सगळं कळतं, पण हत्तीचा पाय म्हणजे वेगळंच काम. बाहेरून दगडी जात्यासारखा दिसतो आणि आतून गादी असते. मी दक्षिणेकडच्या एका हत्तींच्या डॉक्टरांना फोन लावला. ते वयस्कर होते, सावकाश बोलायचे. औषधं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती उभी कशावर असते?"

"सिमेंटवर," मी म्हणाले.

ते म्हणाले, "डॉक्टर, मग औषध पायापेक्षा जमिनीला द्या."

त्याच आठवड्यात अण्णांनी मला कचेरीत बोलावलं. वरच्या कार्यालयातून विचारणा आली होती. हत्तीण ठेवायची असेल, तर जागा वाढवा, तिच्या सोबतीला दुसरी आणा. नाही तर तिला हत्तींच्या आसरा केंद्रात पाठवा, दक्षिणेला, जंगलाच्या कडेला. न्यासानं महिन्या-दीड महिन्यात काय ते ठरवून कळवायचं होतं.

"तुम्ही अहवालात लिहाल तसं कळवू," अण्णा म्हणाले. "पण एक सांगतो, डॉक्टरबाई. माझ्या नातीनं आयुष्यात पहिल्यांदा बोट दाखवलं ते शेवंतीकडं. इथं तिला काय कमी आहे? जंगलात कोण तिला गूळ देणार?"

अण्णा ढोंगी नव्हते. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं, आणि मलाही तेव्हा त्यांचंच पटलं. घरी जाऊन मी पानभर अहवाल लिहिला. फरशी काढून माती घालावी, आवार वाढवावं, एक जोडीदारीण आणावी, हत्तीण येथेच ठेवावी. अक्षर चांगलं आलं होतं. तो कागद मी पिशवीत घातला आणि पाय धुवायच्या कामाला लागले.

आता मागं वळून बघताना वाटतं, माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या सकाळी इतक्या भरलेल्या गेल्या. सात वाजता बागेत पोचायचं. सिद्रामनं चुलीवर पाणी तापवलेलं असायचं. ते घमेल्यात ओतायचं, त्यात जांभळं औषध टाकायचं, आणि शेवंतीनं आपणहून पाय उचलून त्यात ठेवायचा. पहिल्या दिवशी ती घाबरली. तिसऱ्या दिवशी घमेलं दिसलं की पाय उचलून वाट बघायला लागली. गरम पाण्याची वाफ, धुराचा वास, तिच्या श्वासाचा ओला, गवताळ वास. मी खाली बसून कानशीनं नखं घासायचे आणि ती सोंडेचं टोक माझ्या मफलरवरून फिरवायची. एवढं मोठं जनावर, पण त्या टोकाचा स्पर्श एखाद्या म्हाताऱ्या बाईनं अंधूक नजरेनं कापड चाचपून बघावं तसा. मी तिला सहा वर्षं समोरून बघत आले होते. आता पहिल्यांदा खालून बघत होते.

पाय बरा व्हायचा तर मऊ जमीन हवी होती. बागेत तशी जागा नव्हती. पण मागच्या भिंतीला लागून हौसाबाईंचं रान होतं. साठीच्या बाई, नवरा गेल्यापासून एकट्यानं शेत बघणाऱ्या. मी आणि सिद्राम जाऊन त्यांच्या बांधावर उभे राहिलो.

"हत्ती आणायचा म्हणता, माझ्या रानात?" त्यांनी पदर खोचत विचारलं.

"रोज दुपारी दोन-तीन तास. नुकसान होणार नाही."

"कसलं नुसकान? कांदा निघालाय, रान मोकळंच हाय. आना की. पर भुईमूग पेरायच्या येळंपतोरच हां. मग माजं रान मला लागतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बागेचं मागचं दार उघडलं. त्याचा कडी-कोयंडा गंजून गेलेला होता, तेल घालावं लागलं. शेवंती दाराशी येऊन थांबली. बाहेर काळी भुसभुशीत माती, कांद्याची वाळकी पात इकडंतिकडं उडत होती, आणि पलीकडं हुरड्याला आलेली ज्वारी वाऱ्यावर सळसळत होती. तिनं एक पाय मातीवर ठेवला आणि परत घेतला. पुन्हा ठेवला. सिमेंटवर बावीस वर्षं काढलेल्या पायाखाली जमीन दबली, तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे मी सांगू शकत नाही. मला सांगता येईल ते एवढंच, की त्या दाराशी ती बराच वेळ उभी होती आणि आम्हा तिघांपैकी कुणीही तिला घाई केली नाही.

पहिले चार दिवस तिनं नुसती माती उडवली. अंगावर, डोक्यावर, आमच्यावर. हौसाबाई बांधावर आगटी पेटवून हुरडा भाजायच्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खरपूस झाली की हातावर चोळून, फुंकून गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकायच्या, वर शेंगाची चटणी. "खावा, डॉक्टरीणबाई. हत्तीच्या मागं लागून वाळून गेलाय." ओंजळीत गरम हुरडा, पाठीवर उबदार ऊन, आणि समोर धुळीच्या ढगात एक हत्तीण. मला वाटतं, अजूनही हिवाळा म्हटलं की मला तेच दिसतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी हुरडा खात सिद्रामशी काहीतरी बोलत होते. तो माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागला. मी वळून पाहिलं. शेवंतीनं मागचे पाय वाकवले होते. मग पुढचे. सावकाश, कण्हत, ती आधी बसली आणि मग कुशीवर कलंडली. एक मोठा उसासा आला. तिचा कान गालावर पडला. पोट वर-खाली व्हायला लागलं.

मी ओंजळ टाकून धावले. गाय अशी एकाएकी आडवी झाली, तर ती पुन्हा उठेलच असं नसतं. सिद्रामनं माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यानं कधी मला स्पर्श केला नव्हता.

"नका जाऊ, मॅडम. झोपलीया ती."

"तू सांगितलंस? आडवं हो म्हणून?"

"मी न्हाय सांगितलं." त्याचे डोळे भरले होते. "आपल्या मनानं झोपली."

ती दीड तास झोपली. घोरत होती. झोपेत तिची सोंड मातीवर हलायची, जणू काही हुंगतेय. हौसाबाई लांबूनच पदर तोंडाला लावून बघत होत्या. आम्ही बांधावर बसून राहिलो, आणि तिथंच मी तो प्रश्न विचारला, जो मला सहा वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.

"कोठीत ती आडवी होत नाही?"

"न्हाय."

"कधीपासून?"

"लई वर्षं झाली. सुरवातीला व्हायची. मग सांधं धरलं, गार सिमिटावर बसली की उठताना लई तरास व्हायचा. एकदा उठताच येईना, अर्दा दीस गेला. तवापासनं बसलीच न्हाय. भिंतीला टेकून डुलकी घेती."

कोठीच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, एक काळा चकचकीत पट्टा होता. तेल लावल्यासारखा गुळगुळीत. मी तो कितीदा पाहिला होता. खाज सुटली की अंग घासत असेल, असं मी समजून चालले होते.

"मला सांगितलं का नाहीस, सिद्राम?"

त्यानं मातीचं एक ढेकूळ उचललं आणि चुरून टाकलं. "काय सांगू? तुमी इचारलं न्हाय. आन् मी सांगितलं असतं, तर तुमी म्हनला असता, पाठवा हिला. ती गेली तर मी कोण, मॅडम? आख्खं गाव मला हत्तीवाला म्हनून वळखतंय." हात झटकून तो म्हणाला, "माज्यापायी ती उभी हाय इतकी वर्षं. हे मला कळत हुतं."

पण वहीत सही माझी होती.

त्या संध्याकाळी पिशवीतला अहवाल मी फाडला. दुसरी हत्तीण आणून काय होणार होतं? ज्या भिंतीला एक टेकत होती, तिला दोघी टेकल्या असत्या. बागेच्या जागेला माती घालता आली असती, पण तिला चालायला मैलभर रान कुठून आणणार? हौसाबाईंचं रानसुद्धा भुईमुगापर्यंतचंच. आपण एखाद्यावर किती माया करतो, याचा त्याच्या गुडघ्यांना काही उपयोग नसतो. हे मला त्या दिवशी समजलं आणि त्यानंतर कधी त्यात शंका आली नाही. मी तीन ओळी लिहिल्या. हत्तीण पाठवावी. लवकर पाठवावी. मागच्या सहा वर्षांचे माझे शेरे अपुरे होते, हेही मी खाली लिहिलं आणि सही केली.

अण्णांना तो कागद देण्याआधी मी त्यांना दुपारी रानात आणलं. काठी टेकत, धोतर सावरत ते बांधावर आले. शेवंती कुशीवर झोपली होती. ते चरकले. "आजारी आहे का हो?"

"नाही, अण्णा. झोपली आहे."

ते बघत राहिले. खिशातला गुळाचा खडा त्यांनी बाहेर काढला होता, तो तसाच मुठीत राहिला. त्यांनी विचारलं, "आपल्याकडं... ती अशी झोपत नव्हती?"

"नव्हती."

"मी रोज यायचो हो," अण्णा म्हणाले. "रोज संध्याकाळी यायचो." मग माझ्या हातातला कागद त्यांनी न वाचताच घेतला आणि म्हणाले, "कुठं सही करायची?"

शहरानं मात्र आम्हाला सहजी सोडलं नाही. शाळांमधून पत्रं आली, हत्तीची चित्रं काढलेली. भाजी घेताना एका बाईनं मला गाठलं, "तुम्हीच का हो हत्ती घालवणाऱ्या?" मी "हो" म्हणाले. "आता मुलांना हत्ती कुठं दाखवायचा आम्ही?" मला तिचा राग आला नाही. मी तिला म्हणाले, "बाई, इतकी वर्षं आपण मुलांना हत्ती नाही दाखवला. हत्ती उभा कसा राहतो, तेवढंच दाखवलं." तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. मेथीची जुडी पिशवीत टाकून ती गेली.

ट्रक आला तो संक्रांतीनंतर. मधले तीन आठवडे सिद्रामनं तिला एका मोठ्या लाकडी खोक्यात शिरायची सवय केली. आत वाढं टाकायचं, ती जाऊन खायची, मागं यायची. एकदाही साखळी ओढली नाही, एकदाही ओरडला नाही. ज्या माणसाला ती जायला नको होती, त्यानंच तिला जायला शिकवलं. त्या तीन आठवड्यांत मी त्याच्याइतका धीराचा माणूस पाहिला नाही.

निघायच्या सकाळी दहाच्या उन्हात बागेबाहेर गर्दी लोटली होती. बायकांनी नारळ आणले, खोक्याच्या फळ्यांना हळद-कुंकू लावलं. हौसाबाई डोक्यावर कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊन आल्या. "वाटंत खाईल," एवढंच म्हणाल्या. अण्णा आले नाहीत. त्यांच्या नातीनं येऊन गूळ दिला. सिद्राम ट्रकमध्ये खोक्याला लागून बसला, चादर गुंडाळून. तो महिना-दीड महिना तिथं राहून तिला रुळवून परत येणार होता. ट्रक हलला तेव्हा शेवंतीची सोंड फळ्यांच्या फटीतून बाहेर आली आणि वारा हुंगायला लागली. माणसं रडत होती. मला रडू आलं नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं, पायाची पट्टी सैल तर झाली नसेल?

सिद्राम परत आला तेव्हा ज्वारीची काढणी उरकली होती आणि ऊन तापायला लागलं होतं. तो थेट माझ्या घरी आला. बारीक झाला होता, दाढी वाढली होती. मी चहा टाकला. तो खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसला. त्यानं सगळं सांगितलं. तिकडं तळं आहे. लाल माती आहे. आणखी पाच हत्तिणी आहेत, त्यातली एक आंधळी. पहिले आठ दिवस शेवंती त्याच्या मागं मागं राहिली, बाकीच्यांना भ्यायली. मग ती आंधळी हत्तीण हिच्या शेजारी येऊन उभी राहायला लागली. पायाचं म्हणाल तर पू थांबलाय, पण लंगडणं तेवढं आयुष्यभर राहणार, असं तिथले डॉक्टर म्हणतात. रोज आडवी होते. डुलणं कमी झालंय. थांबलं नाही, कमी झालंय.

"आणि निघताना?" मी विचारलं. "तुला सोडलं का तिनं?"

त्यानं कपबशी खाली ठेवली.

"निघायच्या सकाळी कुंपनापाशी गेलो. ती लांब तळ्याकाठी हुती, त्या आंधळीसंगं. मी हाक मारली, 'बा, अव्वा.' आमच्या कानडीत बा म्हंजे ये, अव्वा म्हंजे आई. बावीस वर्षं मी बा म्हनलं आन् ती आली न्हाय, असं झालं न्हाई कदी. तिला ऐकू गेलं. कान हलवलं तिनं. मान वळवून माज्याकडं बगितलंबी."

"मग?"

"मग परत वळली. आली न्हाय."

"वाईट वाटलं असेल," मी म्हणाले.

"वाटलं की. लई वाटलं. बसमदी निम्मी वाट रडत आलो." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, आणि बघते तर तो हसत होता. "पर मग मनात आलं, मॅडम. इतकी वर्षं मी बोलावलं की ती यायची. तिला दुसरीकडं जायाला जागाच कुटं हुती? आता जागा हाय. आता न्हाय म्हनाया येतंय तिला."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. तो त्यानं निवांत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.